एका दिवसाची समता

अमेरिका व इंग्लंडमध्ये लॅटिन शिकविणाऱ्या अनेक शाळांतून डिसेंबरात ‘सातुर्नालिया’ हा प्राचीन रोमन सण साजरा होतो. विद्यार्थी चादरीचा टोगा नेसतात, ‘इओ सातुर्नालिया’ अशी आरोळी देतात, परस्परांना भेटी देतात. केवळ व्याकरणाची कोष्टके घोकून जी गोडी लागत नाही, ती अशा उपक्रमाने लागते. म्हणून तो आम्हांस स्तुत्य वाटतो. मात्र इतिहासाचे शिक्षक या नात्याने आमचा आग्रह असा की, हा सण अर्धा शिकवू नये.

१७ डिसेंबर हा त्याचा मुख्य दिवस. मंदिरातील सॅटर्न देवाच्या पायांना वर्षभर बांधलेले लोकरीचे बंध त्या काळात सोडले जात. नागरिक टोगा उतरवून ठेवीत. म्हणजे आजचे विद्यार्थी नेमका नको तो पोशाख करतात. त्याऐवजी सर्व जण ‘पिलेउस’ ही टोपी घालीत. एरवी ती दास्यमुक्त झालेल्या माणसाची खूण असे. गुलामांना उघडपणे जुगार खेळण्याची मुभा मिळे, काही घरांत त्यांना मालकाच्या आधी जेवण वाढले जाई.

सण संपला की गुलाम पुन्हा गुलामच. सवलतीवर न थांबता कायमच्या मुक्तीसाठी स्पार्टाकससह लढलेल्यांपैकी सुमारे ६,००० जणांना इ.स.पू. ७१ मध्ये आप्पियन मार्गालगत क्रुसावर चढविण्यात आले. गुलामही माणूसच आहे, असे लिहिणाऱ्या सेनेकानेही गुलामगिरी रद्द करण्याची मागणी केली नाही.

बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरीची अस्पृश्यतेशी तुलना करून दाखविले की, रोमन गुलामाला मुक्तीची वाट तरी होती. अस्पृश्याला तीही नव्हती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. बंध चार दिवस सैल व्हावेत, एवढीच त्यामागील अपेक्षा नव्हती.

लॅटिनच्या वर्गात सातुर्नालिया अवश्य व्हावा. परंतु टोपी उतरविताना शिक्षकांनी विचारावे, “उद्या सकाळी या गुलामाचे काय झाले असेल?” आपल्या वसतिगृहात सर्व मुले रोज एकाच पंगतीत जेवतात, आपापली ताटे घासतात. त्यासाठी आपल्याला कोणत्याही सणाची वाट पाहावी लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनी ही पंगत आपापल्या घरी व गावी चालू ठेवावी, एवढीच आमची विनंती.