‘छान’ आणि ‘फसला’ यांच्या पलीकडे

पत्त्यांची जादू करून दाखवणारा एखादा मुलगा किंवा मुलगी बहुतेक वर्गांत असतेच. जादू संपली की पाहणारे दोनपैकी एक गोष्ट म्हणतात : ‘वा, छान!’ नाही तर ‘हॅ, मला कळलं!’ माझे म्हणणे असे, की शिकणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. पहिल्याने तो सुखावतो, दुसऱ्याने हिरमुसतो. पण उद्या हात वेगळा कसा चालवायचा, हे त्याला कशातूनच समजत नाही.

उपयोगी अभिप्राय कसा असतो, हे पत्त्यांनाच विचारू या. ५२ पत्त्यांच्या कॅटचे २६-२६ असे दोन भाग करा आणि दोन्हींतला एकेक पत्ता आळीपाळीने येईल असे ते एकमेकांत गुंफा. सर्वांत वरचा पत्ता वरच राहू द्या. असे अचूक पिसणे आठ वेळा साधले, तर सगळे पत्ते मूळ क्रमाने परत येतात. वरच्या पत्त्याला शून्य क्रमांक देऊन मोजा. प्रत्येक वेळी पत्त्याचा क्रमांक दुप्पट होतो. तो ५१ च्या पुढे गेला, तर त्यातून ५१ वजा करायचे. आठ वेळांत तो २५६ पट होतो, आणि २५६ ला ५१ ने भागले की बाकी १ उरते. म्हणून प्रत्येक पत्ता आपल्या जागी येतो.

आता समजा, आठव्या वेळेनंतर क्रम जमला नाही. कॅटने अभिप्राय दिला : ‘चुकलास.’ अभिप्राय खरा, पण चूक कितव्या वेळी आणि कुठे झाली, ते कळत नाही. त्याऐवजी २६ लाल पत्ते वर व २६ काळे खाली ठेवून एकदाच पिसा आणि पसरून पाहा. लाल-काळे एकाआड एक यायला हवेत. जिथे दोन लाल शेजारी आले, तिथे नेमके बोट ठेवता येते. माणसाचा अभिप्रायही असाच हवा : लगेच दिलेला, जागा दाखवणारा आणि निवाड्याऐवजी निरीक्षण सांगणारा.

मित्राने तळव्यात पत्ता लपवला आणि तुम्हाला शंका आली, तर ‘जमलं नाही’ म्हणू नका. ‘त्यानंतर तुझा उजवा हात ताठ झाला आणि तू त्याच्याकडेच पाहिलंस,’ असे सांगा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. जे चांगले वठले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. नाही तर सुधारण्याच्या भरात तो तेच बदलून बसेल.

अभिप्राय घेणाऱ्याचेही काम सोपे नाही. ‘आज पत्ते जुने होते’ अशी सबब लगेच पुढे करू नका. आधी ऐका, मग एकच बदल करून पुन्हा दाखवा. विचारावे कोणाला, हेही ठरवा. युक्ती ठाऊक असलेला नेमका हाताकडेच पाहतो, तर नवख्याची नजर तुम्ही न्याल तिकडे जाते. दोघांचीही गरज आहे, पण दोघांना प्रश्न वेगळे विचारा. आणि जाणकाराची नजरही अचूक नसते. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन यांनी हॅरी हूडिनीसमोर एकच पत्ता पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला. एवढा नामवंत जादूगार, पण त्याला उलगडा झाला नाही!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, प्रयोगवहीवरची लाल फुली ही आठव्या वेळेनंतरच्या विस्कटलेल्या कॅटसारखीच असते. चूक आहे एवढेच ती सांगते. ती वाचनात आहे, एककात आहे की आकडेमोडीत, हे सांगत नाही. मग मुले शेजाऱ्याच्या वहीतून बरोबर उत्तर उतरवायला शिकतात. वेळ कमी असतो हे मान्य, पण फुलीशेजारी ‘एकक पाहा’ असे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी जादू दाखवली, की टाळ्या जरूर वाजवा. पण त्याने ‘कशी झाली?’ असे विचारले, तर तुम्हाला काय दिसले आणि केव्हा दिसले, तेवढेच सांगा.