रस्ता वेळेवर हवा, पण बक्षीस कशासाठी?

आग्रा-ग्वाल्हेर सहापदरी द्रुतगती मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने 2 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली. लांबी 88 किलोमीटर, खर्च 4,613 कोटी रुपये, पद्धत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’. प्रवासाचा वेळ निम्म्यावर येईल, असे सरकार सांगते. कामाला, उपचारांना आग्रा-दिल्लीकडे जाणाऱ्या आम्हा लष्करकरांचा प्रश्न साधा आहे: हा रस्ता वेळेत होईल का?

कंत्राटदाराला बक्षिसाची गोडी लावली की काम लवकर होते, याचा दाखला आहे. 1994 च्या भूकंपानंतर लॉस एंजेलिसमधील सांता मोनिका महामार्गाचे पूल बांधायला 140 दिवसांची मुदत होती. आधी संपवल्यास दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस, उशीर झाल्यास तेवढाच दंड. काम 66 दिवसांत झाले. पण तिथे रस्ता आधीचाच होता. जमीन नव्याने घ्यायची नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण नेमके उलटे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि दशक उलटूनही रखडले. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातील परवानगी आणि कंत्राटदाराची पैशांची ओढाताण, असे सारे एकत्र आले. यातली पहिली दोन कारणे कंत्राटदाराच्या हातातली नव्हती. जे त्याच्या हातात नाही, ते बक्षिसाने कसे हलणार?

आग्रा-ग्वाल्हेर मार्गावर बक्षीस पद्धतीतच दडलेले आहे. सवलतीच्या मुदतीत बांधकामाचा काळही धरलेला असतो. म्हणून रस्ता जितका लवकर सुरू, तितके टोलचे दिवस जास्त. म्हणजे हे बक्षीस सरकार नव्हे, आपण प्रवासी देणार. धोकाही इथेच आहे. किरकोळ कामे बाकी असली तरी तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला मिळतो आणि टोल सुरू होतो. सेवा रस्ते, दिवे, कुंपण मात्र मागे राहू शकतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. जमीन आणि चंबळ ओलांडण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या यांची तारीखवार स्थिती सरकारने जाहीर करावी. दंडाची टांगती तलवार कंत्राटदारावर आहे, तशी जबाबदारी दिरंगाई करणाऱ्या खात्यावरही असावी. आणि तात्पुरत्या दाखल्यासोबत उरलेल्या कामांची यादी टोलनाक्यावर लावावी. पैसे मोजणाऱ्याला हिशोब दिसलाच पाहिजे.