वाफ्यात उगवले ते काय?

आरे कॉलनी ही मुंबईची दुधाची वसाहत. 1949 साली तबेल्यांसाठी वसवलेली. तिथे माझ्या मावसबहिणीचे घर आहे व अंगणात अबोली-गुलछडीचा वाफा आहे. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि तिचा निरोप आला, "दादा, वाफ्यात ना पान ना फांदी, नुसते जांभळट भाल्यासारखे काहीतरी वर आले आहे. शेजारीण म्हणाली भाजी आहे. सूनबाईने कांद्यावर परतली, तर नातवाचा घसा खाजून खाजून पोर रडकुंडीला आले. आता ती म्हणते विष आहे, उपटा. तू येऊन बघ."

गेलो. वीतभर उंचीचे, काळपट जांभळ्या आवरणात गुंडाळलेले दोन कोंब होते. तिसरा उमलला होता. त्याला मेलेल्या उंदरासारखा वास आणि भोवती माश्या. मी विचारले, "गेल्या पावसाळ्यात इथे काय होते?" बहीण म्हणाली, "छत्रीसारखे एकच पान होते, सुरण असेल म्हणून ठेवले. नंतर वाळून गेले." तिथेच उलगडा झाला. सुरणाच्या कुळातला हा शेवळा. याचे फूल आधी येते, पान मागाहून. वाफा भरताना टेकडीच्या उतारावरची माती आणली होती, तिच्याबरोबर कंद आला.

म्हणजे शेजारीणही खरी आणि सूनबाईही खरी! शेवळ्यात, अळूसुरणात असतात तसेच, सुईसारखे बारीक खडे असतात. ते घशाला टोचतात. वारली बायका बाजारात शेवळ्यांबरोबर काकडाची हिरवी आंबट फळे देतात, ती उगाच नव्हे. कृषी पदवीच्या चार वर्षांत हे मला कुणी शिकवले नाही, पाड्यावरच्या एका आजीने शिकवले.

कोंब न उमललेलाच घ्यावा. हाताला तेल लावून वरची साले काढावीत, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यावा. उरलेले बारीक चिरून काकडाच्या रसात चांगले शिजवावे, मग वालाच्या डाळीत किंवा सोड्यात घालावे. काकड नसेल तर चिंच भरपूर हवी. कांद्यावर नुसते परतणे म्हणजे घशाशी वैर. एवढे करूनही ओठ सुजले, श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. आणि ओळख पक्की नसेल तर चुलीवर चढवूच नये. रानसुरणाची इतर भावंडेही अशीच दिसतात.

नातू दुसऱ्या दिवशी खेळायला लागला. सूनबाईचा राग मात्र अजून गेलेला नाही. राहिलेले कोंब आम्ही तसेच ठेवले, कारण पान वाढले तरच कंद भरतो. जागेवर काठी रोवून ठेवली आहे, नाहीतर खुरपताना पहिला घाव कंदावरच बसायचा.