पोलाद सोन्याला मागे टाकते तेव्हा

चालू वेळ दाखविणारे काटे न थांबविता, बाजूची कळ दाबून एखाद्या मधल्या कालावधीची स्वतंत्र मोजणी करणाऱ्या मनगटी घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात, आणि अशा जुन्या घड्याळांच्या संग्राहकांनी धातूंची प्रचलित उतरंडच उलटी करून टाकली आहे. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९४१ पासून तयार केलेल्या १५१८ या मॉडेलमध्ये क्रोनोग्राफला शाश्वत दिनदर्शिकेची, म्हणजे महिन्यांचे कमीअधिक दिवस व लीप वर्ष स्वतःच ओळखणाऱ्या यंत्रणेची, जोड होती. एवढे महागडे यंत्र घेणारा ग्राहक साहजिकच ते सोन्यात मागे, त्यामुळे स्टेनलेस स्टीलची अवघी चार घड्याळे ज्ञात आहेत आणि त्यांपैकी एक २०१६ मध्ये जिनिव्हातील लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस गेले. दुर्मीळतेइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मान मूळ रूप शाबूत असण्याला मिळतो: पट्टा जोडण्याच्या टोकांच्या रेखीव कडा झिलईच्या हौसेपायी एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत, म्हणून जाणकार ओरखडे आनंदाने स्वीकारतो (सराफकट्ट्यावर हे तर्कशास्त्र सहसा पटायचे नाही) आणि नव्याने रंगविलेल्या तबकडीपेक्षा काळाच्या ओघात तपकिरी पडलेल्या मूळ तबकडीस जादा दाम मोजतो.