बर्फ बघायला जायचं, पण सूर्य सांभाळून



आमच्या महिला मंडळात पुन्हा एकदा जानेवारीतल्या बर्फाच्या सहलीचा विषय निघाला आहे. गेल्या जानेवारीत कामशेत, वडगाव आणि तळेगाव मिळून आम्ही 22 जणी मनालीला गेलो होतो. सोलंग खोऱ्यात दोन-तीन दिवस स्कीइंग शिकायचं, बर्फ बघायचा आणि परत यायचं, असा बेत होता. सहल छान झाली असं सगळ्या म्हणतात. फोटोही तसंच सांगतात.

पण परवाच्या बैठकीत दोन सूचना आल्या आणि तेव्हापासून मला चैन नाही. पहिली सूचना अशी की सहलीपुरतं कोणी चोविहाराचं पच्चक्खाण घेऊ नये, सगळ्यांची अडचण होते. दुसरी अशी की ज्यांना ते सोडता येत नाही त्यांनी यंदा घरीच थांबावं. दोन्ही सूचना प्रेमाने केल्या होत्या. तरी मला दोन्ही मान्य नाहीत. गेल्या वर्षीची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, आणि जे बिघडलं ते कोणाच्या व्रतामुळे बिघडलं नाही. माझ्या वेळापत्रकामुळे बिघडलं.

काय झालं ते सांगते. हॉटेल ठरवताना मी फोनवर विचारलं, "जैन जेवण मिळेल ना?" ते म्हणाले, "मिळेल." मी विचारलं, "कांदा, लसूण, बटाटा, गाजर, काहीच नको." ते म्हणाले, "नाही घालणार." त्यांनी शब्द पाळला, खोटं बोलू नये. भाजी निराळी, डाळ निराळी, भांडीसुद्धा निराळी. फक्त ते जेवण मांडलं जायचं रात्री साडेसातला. मी वेळ विचारलीच नव्हती.

आपल्या कामशेतला जानेवारीच्या मध्यावर सूर्यास्त साधारण सव्वासहाला होतो. मनाली आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आणि पूर्वेलाही आहे. तिथे त्याच दिवशी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. सकाळी सूर्योदय जवळजवळ साडेसातला, म्हणजे 48 मिनिटं धरली तर नवकारशी सव्वाआठच्या आसपास येते. चोविहार ते नवकारशी हा पाण्याविना जाणारा वेळ आपल्या घरी पावणेचौदा तास असतो, तिथे साडेचौदा तासांच्या वर जातो. पंचांगात हे सगळं छापलेलं असतं. मी हॉटेलची खोली, गाडी, स्वेटर सगळं बघितलं, पंचांग मात्र बघितलं नाही.

आमच्यात एक काकीजी होत्या. साठी ओलांडलेल्या, तीस वर्षं चोविहार न मोडलेल्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही हॉटेलवर पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. काकीजी म्हणाल्या, "मला भूकच नाही गं." दुसऱ्या दिवशी सोलंगला निघालो. रात्री ताजा बर्फ पडलेला, त्यामुळे आमच्या टेम्पो ट्रॅव्हलर वाटेतच थांबवल्या. पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या सोडत होते. 22 जणी पाच स्थानिक गाड्यांत वाटल्या गेल्या आणि जेवणाचे डबे शेवटच्या गाडीत राहिले. ती गाडी गर्दीत अडकली. दुपारचं जेवण साडेतीनला झालं. परतताना रस्ता तुंबलेला, सूर्य गाडीतच मावळला. काकीजी पुन्हा म्हणाल्या, "भूकच नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कीचे ते जड बूट घालायला त्या वाकल्या आणि त्यांना चक्कर आली. प्रशिक्षकाने त्यांना बसवलं, आम्ही थर्मासमधलं गरम पाणी पाजलं, खाखरा दिला. दुपारपर्यंत त्या बऱ्या झाल्या. मी मात्र आतून हलले होते. आपल्याच बायकांच्या घोळक्यात एक बाई दोन रात्री उपाशी झोपली आणि ते आम्हाला कळलंही नाही. आपण तपाचं एवढं कौतुक करतो, उपवासाची साता विचारतो. पण जो उपवास कोणी घेतलाच नव्हता, तो मी तिच्यावर लादला. याला तप म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

त्यावर मी जो उपाय केला तोही चुकलाच. हॉटेलवाल्यांची परवानगी काढली आणि चार सुनांना दुपारी दोनलाच परत पाठवलं. त्यांनी चारला पोळ्या लाटल्या, मुगाची डाळ केली. काकीजी सूर्यास्ताआधी जेवल्या. पण त्या चौघी वर्षभर घरी हेच करतात. पुण्यापर्यंत लोकल, मग झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून रात्रभर गाडी, एवढा प्रवास करून त्यांनी लाटणंच हातात धरलं. स्कीवर नीट उभं राहायला येत होतं, तेव्हाच त्यांना खाली यावं लागलं. एकीचं व्रत सांभाळायला चौघींची सुट्टी गेली. काकीजींनाही ते जेवण गोड लागलं नसणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. व्रत सोडायला नको, व्रतवालीला घरी ठेवायला नको आणि सुनांना स्वयंपाकघरात उभं करायलाही नको. वेळापत्रक बदला. सहल सूर्याप्रमाणे आखा.

गंमत म्हणजे स्कीइंगलाही तेच सोयीचं आहे. हे मला तिथल्या प्रशिक्षकांशी बोलताना कळलं. सकाळी उतारावर गर्दी कमी असते आणि शिकायला वेळ शांत मिळतो. दुपार कलली, उतारावर सावली आली की वितळलेला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा होतो. नवशिक्यांनी तेव्हा पडलं तर लागतं. तीननंतर परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. म्हणजे नऊला निघून तीनला परतणारी बाई जास्त शिकते, कमी पडते आणि चोविहारही करते. ज्या व्रताला आपण अडचण म्हणत होतो, त्यानेच सहल नीट बसते.

यंदा ज्या कोणी व्यवस्था बघतील त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून निघालेली ही यादी.

हॉटेलला "जैन जेवण मिळेल का" हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न, "दुपारी पावणेपाचला पूर्ण जेवण मांडाल का?" उत्तर लिहून घ्या. पैसे त्यानंतर भरा.

सोबत महाराज न्या. (मैत्रिणींनो, इथे महाराज म्हणजे स्वयंपाकी, गैरसमज नको.) आपल्या गुजराती-मारवाडी सहलवाल्यांकडे ही पद्धत जुनीच आहे. पण त्यांना स्वयंपाकाला जागा, गॅस आणि झोपायला धड खोली आहे का, हे आधी बघा. आपण रजया पांघरून झोपायचं आणि त्यांनी थंड ओसरीत, हे चालणार नाही. त्यांचा खर्च 22 जणींत वाटला तर फार होत नाही.

पक्कं पाणी सकाळीच उकळून मोठ्या थर्मासमध्ये भरा. हिवाळ्यात त्याचा काळ चार प्रहरांचा, म्हणजे दिवसभर पुरतं. थंडीत तहान लागत नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत. सूर्यास्ताआधी आठवणीने प्या आणि शेजारणीलाही पाजा.

प्रत्येक गाडीत त्या गाडीपुरते डबे, पाणी आणि एक औषधांची पिशवी ठेवा. बर्फ पडला की मोठी गाडी थांबणार आणि घोळका फुटणार, हे धरूनच चला. काटेकोर पाळणाऱ्यांना ठेपला दुसऱ्या दिवशी बासी होतो, म्हणून खाखरे, भाजलेले मुरमुरे, सुकी चटणी न्या. हिवाळ्यात कोरड्या फराळाचा काळ 30 दिवसांचा असतो, काही अडत नाही.

बर्फाचे कपडे आणि बूट भाड्याने मिळतात. ते आदल्या संध्याकाळीच मापाने घेऊन ठेवा. सकाळी 22 जणी एका दुकानात शिरल्या की तास गेलाच. मोजे आणि हातमोजे घरूनच न्या. जॅकेट पिसांचं आहे का, हातमोजे चामड्याचे आहेत का, हे विचारायला लाजू नका. कापसाच्या किंवा कृत्रिम भरावाचीही मिळतात.

आणि सूर्यास्तानंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा. एक उबदार खोली किंवा हॉल मागून घ्या. ज्यांना प्रतिक्रमण, सामायिक करायचं त्या करतील, ज्यांना गप्पा मारायच्या त्या मारतील. ज्यांना चोविहार नाही त्यांनी रात्री चहा प्यावा. कोणी कोणाच्या कपात डोकावू नये. कोणी तिविहार करेल, कोणी आजारपणाचा आगार ठेवेल. पच्चक्खाण ज्याचं त्याने घ्यायचं असतं, मंडळाने ठराव करून घ्यायचं किंवा सोडायचं नसतं.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो माझ्या सासूबाईंनीच विचारला. "बर्फ म्हणजे अप्काय. त्यात जाऊन लोळायचं ते कशाला?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं चुकलेलं नाही. बावीस अभक्ष्यांत बर्फ आणि गारा दोन्ही येतात. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानणाऱ्या घरातल्या आपण. बर्फावर पाऊल टाकलं तर विराधना होतेच. मी ती नाकारत नाही. पण आपण गृहस्थ आहोत. रोज नळ सोडतो, कपडे धुतो, गाडीने जातो. गृहस्थाला जयणा सांगितली आहे, आणि आठव्या व्रतात अनर्थदंड टाळायला सांगितलं आहे. विनाकारण केलेली हिंसा, ती टाळा. मला वाटतं रेषा तिथे ओढता येते. चालायला, शिकायला जेवढा बर्फ लागेल तेवढा. मुठी भरून एकमेकींवर फेकणं, तोंडात घालणं, त्यावर सरबत ओतून खाणं नको. याकवर बसून किंवा अंगोरा ससा मांडीवर घेऊन फोटो काढणं तर मुळीच नको. तो ससा दिवसभर किती हातांतून फिरतो याचा विचार करा. सासूबाईंना हे सगळं पटलं असं नाही. "परत आल्यावर आलोयणा घे," एवढं त्या म्हणाल्या. मी घेतली.

ज्यांच्या मुलींना खरंच स्कीइंग शिकायचं आहे त्यांना एक सांगते. सहलीतल्या दोन दिवसांत फक्त पडायला आणि उठायला येतं. मनालीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगम आहे. तिथे रीतसर अभ्यासक्रम असतात, राहण्याखाण्याची सोय असते. मुलीला पाठवा, पण खानावळीच्या वेळा आधी विचारा. प्रश्न तोच.

शेवटचं. आपण कामशेतच्या बायका आहोत. शनिवार-रविवार पवनेकाठचे तंबू, पॅराग्लायडिंगला येणारे घोळके, जुन्या हायवेवरची गर्दी, सोमवारी रस्त्याकडेला राहिलेल्या बाटल्या, हे सगळं आपण घरात बसून बघतो आणि नावं ठेवतो. मनालीच्या बाईला आपणही तशाच दिसत असू. 2023 च्या जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठात घरांना तडे गेले, कुटुंबांना घरं सोडावी लागली. डोंगर किती भार सोसेल याला मर्यादा आहे. म्हणून खोल्या वाटून घेऊ, गरम पाणी बेताने वापरू, आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणू. अपरिग्रह सुट्टीवर जात नाही.

यंदाच्या यादीत पहिलं नाव मी काकीजींचं लिहिलं आहे. त्या नको म्हणत होत्या, "माझ्यामुळे तुमची अडचण." मी सांगितलं, या वेळी वेळापत्रक तुमच्या घड्याळाने आखलंय, तुम्हीच नाही आलात तर आम्ही जेवायचं कधी? त्या हसल्या. होकार अजून यायचा आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.