वकील संघ कुणाचा?

आपल्या घरांतल्या मुलांच्या कानावर ‘वकील’ हा शब्द पहिल्यांदा पडतो तो कोर्टकचेरीच्या निमित्ताने नव्हे, तर निकाहच्या वेळी. दोन साक्षीदारांना घेऊन नवरीकडे जाणारा, तिची मंजुरी ऐकणारा आणि ती जशीच्या तशी मजलिशीत येऊन सांगणारा माणूस म्हणजे वकील. मेहरची रक्कम तो कमी-जास्त करू शकत नाही. नवरीच्या म्हणण्यात स्वतःचा एक शब्दही मिसळू शकत नाही. दुसऱ्याचे म्हणणे अमानत म्हणून पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. काळा कोट घालणाऱ्या वकिलाचे कामही मुळात हेच आहे. ज्याला कायद्याची भाषा येत नाही, त्याचे म्हणणे न्यायाधीशापर्यंत नेणे.

एकेकट्या वकिलाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अमका हुशार, तमका महागडा, तिसरा तारखाच घेत बसतो. पण गावातल्या सगळ्या वकिलांचा मिळून जो वकील संघ असतो, त्याच्याबद्दल आपण क्वचितच बोलतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात स्टॅम्पविक्रेते आणि टायपिस्ट यांच्या पलीकडे ‘बार रूम’ अशी पाटी असलेली एक खोली असते. तिथे संघाच्या निवडणुका होतात, अध्यक्ष आणि सचिव निवडले जातात, ठराव होतात. आपल्याला वाटते, ती वकिलांची चहा पिण्याची जागा. तिच्याशी आपला काय संबंध? आमच्या मते संबंध आहे आणि तो जवळचा आहे. त्या खोलीत काय ठरते, यावर आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाला न्याय मिळणार की नाही, हे काही अंशी अवलंबून असते.

वकील संघांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे ताजे उदाहरण कोल्हापूरचे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे, ही मागणी तिथल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. मोर्चे काढले, उपोषणे केली, मंत्र्यांना आणि मुख्य न्यायमूर्तींना निवेदने दिली. मागणी सुरू केली तेव्हा तरुण असलेले वकील म्हातारे झाले, काही अल्लाहला प्यारे झाले, पण पुढच्या पिढीने ती सोडली नाही. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले.

याचा अर्थ घरच्या हिशोबात मांडून पाहा. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला की पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. सावंतवाडीच्या किंवा कागलच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरकराने रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे, सकाळी वकिलाच्या कार्यालयात बसायचे आणि आज नंबर लागला नाही असे ऐकून परत फिरायचे. दोन दिवसांची मजुरी बुडायची, भाडे आणि राहण्याचा खर्च वेगळा. अनेकजण इथेच हात टेकत. मुलगा आत असतो आणि आई बाहेर पैशांची जुळवाजुळव करत असते. अशा आईला न्यायालय कागदावर खुले असून काय उपयोग? वकिलांच्या संघांनी ते अंतर कमी करून घेतले. त्यात त्यांचाही व्यवसाय वाढला हे खरे, पण लाभ सहा जिल्ह्यांच्या जनतेचा झाला, हे त्याहून खरे.

मात्र याच लढ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मागणीसाठी २०१३ साली वकिलांनी न्यायालयीन कामकाजावर बहिष्कार टाकला होता आणि तो दीर्घकाळ चालला. इतर ठिकाणीही लहानमोठ्या कारणांवरून संघ काम बंद ठेवण्याचे ठराव करतात. वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात २००२ सालीच सांगितले आहे. कारण उघड आहे. बहिष्काराच्या दिवशी वकिलाची एक दिवसाची फी बुडते. पण ज्याचा जामीन अर्ज त्या दिवशी लागलेला असतो, त्याची आणखी एक रात्र कोठडीत जाते. संघाने मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, उपोषणाला बसावे. परंतु आत असलेल्या माणसाची तारीख बुडवून मिळवलेली गोष्ट कितीही चांगली असली, तरी तिची किंमत त्याने का मोजावी? आमच्या मते संघाने कोणताही ठराव करताना हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

याहून गंभीर ठराव वेगळाच असतो. एखाद्या गुन्ह्याने गाव हादरते आणि संघ जाहीर करतो की, आमच्यापैकी कुणीही आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही. राग समजण्यासारखा असतो, टाळ्याही मिळतात. पण राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. ‘प्रत्येकाला’ या शब्दात नकोसा माणूसही येतो.

या बाबतीत तमिळनाडूतील कोइम्बतूरचे एक प्रकरण प्रत्येक घरात माहीत असायला हवे. ए. एस. मोहम्मद रफी हे तिथले वकील. त्यांचा आणि पोलिसांचा संघर्ष झाला, प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा तिथल्या वकील संघाने ठराव केला की, आरोपी पोलिसांच्या बाजूने आपला एकही सदस्य उभा राहणार नाही. म्हणजे हा ठराव एका मुस्लिम वकिलाच्या बाजूचा होता आणि पोलिसांच्या विरोधातला होता. तरीही डिसेंबर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे सगळे ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत, ते घटनेच्या आणि वकिलीच्या धर्माच्या विरुद्ध आहेत. आम्हाला हा निकाल मोलाचा वाटतो, तो यासाठी. आपल्या बाजूने झालेला अन्याय्य ठरावही अन्याय्यच असतो. आज पोलिसाला वकील नाकारला, तर उद्या आपल्या मुलाला नाकारायला वाट मोकळी होते.

वकील मिळाल्याने काय फरक पडतो, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीयांवरही कटात सामील असल्याचा आरोप होता. त्या वेळच्या वातावरणात अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे निखारा हातात धरणे होते. फहीमची बाजू शाहिद आझमी यांनी घेतली. निकाल लागण्यापूर्वीच, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले आणि फहीम व सबाउद्दीन यांना निर्दोष सोडले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम ठेवली. एकाच खटल्यात एकाला फाशी आणि दोघांची सुटका होऊ शकली, कारण पुरावा तपासला गेला, त्यावर प्रश्न विचारले गेले. वकीलच नसता तर हे प्रश्न कोण विचारणार होते?

आता थोडे स्वतःकडे पाहू या. संघाकडून आपण ही अपेक्षा करतो, पण आपल्या मोहल्ल्यात चोरी करताना सापडलेल्याची, किंवा आपल्या मुलीच्या सासरच्यांची बाजू एखाद्या वकिलाने घेतली, तर आपण त्याच्याशी सलाम-दुआ तरी ठेवतो का? ‘पैशासाठी विकला गेला’ असे म्हणून मोकळे होतो. समोरच्याचा वकील म्हणजे आपला शत्रू नव्हे. तो उभा राहिला म्हणूनच आपल्याला मिळालेला निकाल पक्का ठरतो.

संघाचे आणखी एक काम रोजच्या जगण्याशी जोडलेले आहे, आणि त्याबद्दल आपल्या घरांत फारच कमी माहिती असते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. कोठडीतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तो हक्क आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपेक्षा कमी असलेल्यांनाही आहे. आणि महिला व मुलांना तर उत्पन्नाची कोणतीही अट नाही. तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. या समितीच्या यादीतले वकील बाहेरून येत नाहीत, ते बहुधा स्थानिक संघाचेच सदस्य असतात. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असे आपल्याकडे म्हटले जाते. ही शंका दूर करणे संघाच्या हातात आहे. ज्येष्ठ सदस्यांनी वर्षाकाठी असे दोन-चार खटले मनापासून चालवले, तर लोकांचा विश्वास आपोआप बसेल.

ही मदत कुठे लागते, याचे एकच उदाहरण देतो. वडिलांच्या इंतकालनंतर घरात बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. ‘सही कर, माहेर तुटायला नको’ असे सांगितले जाते. कागद भावाच्या वकिलाने तयार केलेला असतो. बहिणीचा वकील कुणीच नसतो. शरियतने दिलेला वाटा एका सहीत जातो. निकाहच्या वेळी जिच्यासाठी आपण आठवणीने वकील नेमतो, तिच्या वारशाच्या वेळी तिला वकील नको का? तिला तो मोफत मिळू शकतो. सही करण्यापूर्वी तिने फक्त विचारायला जायचे आहे, आणि आपण तिला जाऊ द्यायचे आहे. भावाने मनापासून समजावले आणि बहिणीने खुशीने सोडले, तर वकिलाला विचारल्याने त्या खुशीत काही उणे होत नाही.

म्हणून आमचे जमातींना आणि मोहल्ला कमिट्यांना सांगणे आहे की, संकट आल्यावर वकील शोधत फिरण्यापेक्षा आधीच वकील संघाशी ओळख करून घ्या. संघाच्या अध्यक्षांना पत्र द्या, विधी सेवा समितीच्या मदतीने वर्षातून एकदा शादीखान्यात किंवा शाळेत कायदेविषयक शिबिर ठेवा. त्यात बायकांना पुढच्या रांगेत बसवा, कारण प्रश्न त्यांचे अधिक आहेत. अटक झाल्यावर चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभे करावे लागते, हे तरुणांना तिथेच कळू द्या. मशीद-कब्रस्तानच्या जागेचे कागद नीट आहेत का, हेही वकिलाला एकदा दाखवून घ्या.

आणि बारावी झालेल्या मुला-मुलींसमोर डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला हाही रस्ता ठेवा. बारावीनंतर पाच वर्षांत, पदवीनंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. आपली मुलगी त्या बार रूममध्ये बसू लागली, तर ती फक्त आपल्या माणसांची वकील होणार नाही आणि होऊही नये. ती समोर येईल त्याची वकील असेल. संघात ठराव मांडला जाईल की अमक्याचे वकीलपत्र कुणी घेऊ नये, तेव्हा उठून ‘हे बेकायदा आहे’ म्हणण्याची हिंमत तिच्यात असावी. तिला तशी वाढवणे हे आपले काम आहे.