अळीचीही सोय करा

आपल्या शाळेत फुलपाखरांची बाग होणार, याचा आनंद आहे. आराखड्यात झेंडू आणि झिनियाचे वाफे आहेत, कडेला चुन्याने रंगवलेल्या विटा. परेडसारखी शिस्त! पण अळीने खावं असं एकही झाड त्यात नाही.

माझं आजोळ तमिळनाडूत, कुंभकोणमजवळ आडुतुरैला. घर तंजावरी मराठी. गावात १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे, चहूकडे भातशेती. आजीच्या परसात फुलं बेताचीच, फुलपाखरं मात्र भरपूर. कारण कढीपत्ता, लिंबू आणि कुंपणाची रुई. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या मी झटकायला गेलो, तर आजीने हात धरला. पानं पुन्हा फुटतात, म्हणाली. काही दिवसांत त्याच अळ्या हिरव्यागार झाल्या.

फुलपाखरू मध प्यायला कुठल्याही फुलावर येईल, पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच. पायांनी पान चाखून ती झाड ओळखते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, तिलाही लिंबाच्या कुळातलीच झाडं लागतात.

गेल्या वर्षी श्रमदानात आम्ही मैदानामागची सगळी रुई उपटली. पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. त्या तुकडीत मीही होतो, शाबासकीही घेतली.

म्हणून सरांना विनंती आहे. बागेचा एक कोपरा रुई, लिंबू, कढीपत्त्याला द्यावा आणि तिथे औषध फवारू नये. इन्स्पेक्शनला पानं कुरतडलेली दिसतील. त्याचा जाब मला विचारावा.